सवयींची कीर्द-खतावणी

व्यापाऱ्याचा दिवस हिशेबाने मावळतो. अर्धे शटर खाली ओढले जाते, गल्ला मोजला जातो, कीर्द लिहिली जाते आणि शिल्लक जुळेपर्यंत कोणी जागचे उठत नाही. वीस रुपयांचा फरक निघाला, तर ते वीस रुपये कोणाच्या नावे लिहायचे राहिले हे सापडेपर्यंत दिवाणजीही थांबतात आणि मालकही थांबतात. प्रश्न वीस रुपयांचा नसतो. आज न सापडलेला फरक उद्या दुप्पट गुंता घेऊन समोर येतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण त्यामागे असते.

याच गल्ल्याच्या एका कप्प्यात पुष्कळदा एक छोटी डबी असते. तिच्यात कातरलेली सुपारी असते आणि शेजारी अडकित्ता असतो. दिवसभरात ती डबी किती वेळा उघडली, याची नोंद कोणत्याही कीर्दीत सापडत नाही. चहाचे किती प्याले झाले, रात्रीचे जेवण किती वाजता उरकले, जेवताना मोबाईल किती वेळ हातात होता, नोकरावर आणि मुलावर किती वेळा आवाज चढला, यांचीही नोंद नसते. रुपयाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरात देहाचा आणि स्वभावाचा हिशेब वर्षानुवर्षे लिहायचाच राहून जातो. मग साचलेली थकबाकी एकदम समोर येते, ती बहुधा दवाखान्यात.

निर्व्यसनी घरातील व्यसन

जैन कुटुंबात सप्तव्यसनांचा त्याग बालपणापासून अंगवळणी पडलेला असतो. जुगार, मांस, मद्य यांचा वाराही घराला लागलेला नसतो. या परंपरेचा अभिमान वाटणे रास्तच आहे. परंतु याच अभिमानाच्या आडोशाला काही सवयी निर्धास्तपणे वाढतात. ‘आमच्याकडे व्यसन नाही’ असे एकदा म्हटले, की पुढची चौकशी थांबते.

सुपारीचेच पाहावे. ती मंगल मानली जाते, पूजेत असते, लग्नाच्या पंगतीनंतर तबकातून फिरते, आल्यागेल्या व्यापाऱ्यापुढे सौजन्य म्हणून ठेवली जाते. तिला व्यसन म्हणण्यास जीभ रेटत नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू न मिसळलेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. तंबाखू ज्या गटात आहे, तोच हा गट. सतत सुपारी चघळणाऱ्याच्या तोंडातील अस्तर हळूहळू कडक होते, गालाच्या आत पांढरट पट्टे येतात, तिखट लागताच आग होते आणि जबडा पूर्वीइतका उघडेनासा होतो. पुढे याच जागी कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण घरी कातरलेल्या सुपारीला कोणी गुटखा म्हणत नाही, म्हणून ती त्या भीतीतून सुटते.

चहाचा हिशेब मांडला, तर तोही चकित करणारा निघतो. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासोबत एक याप्रमाणे दिवसाला आठ प्याले धरले आणि प्रत्येक प्याल्यात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम साखर धरली, तर दिवसाची साखर चौसष्ट ग्रॅम होते. वर्षाची होते तेवीस किलोंहून अधिक. साखरेचे पोते पन्नास किलोंचे असते. म्हणजे एक माणूस केवळ चहाच्या निमित्ताने वर्षाला जवळजवळ अर्धे पोते साखर रिचवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादा, दिवसाला दोन हजार कॅलरीचा आहार घेणाऱ्यासाठी, सर्व गोड पदार्थांतील वरून घातलेली साखर मिळून सुमारे पन्नास ग्रॅम आहे. मिठाईला हात न लावताच ही मर्यादा ओलांडलेली असते. चक्रवाढ व्याज कर्जावरही चढते आणि ठेवीवरही चढते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. सवयींचे व्याज याच रीतीने चढते. फक्त त्याचे खातेउतारे घरी येत नाहीत.

डबी फेकली, सवय राहिली

तालुक्याच्या गावी भुसार मालाचे दुकान असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. असे गृहस्थ प्रत्येक बाजारपेठेत आहेत. तीस वर्षे दुकानाची गादी सांभाळलेली, शब्दाला पत, देवदर्शनात खंड नाही. हिरडी दुखते म्हणून तो दंतवैद्याकडे जातो. दंतवैद्य त्याला तीन बोटे उभी करून तोंडात घालण्यास सांगतात. दोनच बोटे आत जातात. ‘सुपारी किती खाता?’ या प्रश्नावर तो सहज उत्तर देतो, ‘असेल आठ-दहा वेळा.’ ‘घरात आणखी कोण खाते?’ या प्रश्नावर तो ठामपणे सांगतो, ‘कोणी नाही.’

त्याच संध्याकाळी तो दुकानात परततो, तेव्हा नुकताच पदवीधर होऊन व्यवसायात आलेला मुलगा गादीवर बसलेला असतो. एक सौदा तुटतो, मुलगा पावती फाडून देतो आणि समोर न पाहताच त्याचा हात गल्ल्याच्या त्या कप्प्याकडे जातो. डबी उघडते, चिमूट तोंडात जाते, डबी मिटते. बापाची लकब, बापाचाच अंगठा आणि बापाचेच बोट. पेढीचे नाव, गिऱ्हाइकांची यादी आणि गोदामाच्या किल्ल्या यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट वारशाने गेली आहे आणि ती देताना कोणी सही केलेली नाही, हे त्या क्षणी बापाला उमगते.

त्या रागात तो डबी उचलून गटारात फेकतो आणि ‘आजपासून जन्मभर बंद’ असे जाहीर करतो. चार दिवस निभावतात. पाचव्या दिवशी एका लग्नात तबक पुढे येते, हात जातो आणि मनात विचार येतो, ‘आता मोडलेच आहे.’ त्या एका चिमटीने काही बिघडले नसते. बिघडवले ते ‘आता मोडलेच’ या विचाराने. आठवड्याभरात नवी डबी येते आणि पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होऊ लागते. शिवाय आता तिच्यासोबत स्वतःविषयीची एक अढी असते, की हे आपल्याने होणे नाही.

बहुतेक संकल्प याच वाटेने जातात. संकल्प करणाऱ्याची इच्छा खोटी नसते. पण हाती भांडवल नसताना जन्मभराच्या कराराची हमी तो एका रात्रीत लिहून देतो. व्यवहारात असा करार कोणी करणार नाही. नव्या गिऱ्हाइकाला कोणताही दुकानदार पहिल्याच दिवशी लाखाची उधारी देत नाही. आधी हजार, ते फिटले की पाच हजार, अशी पत हळूहळू वाढत जाते. स्वतःच्या मनाशी व्यवहार करताना मात्र ही रीत विसरली जाते.

नियम आणि यम

या गृहस्थाच्या घरी एक वृद्ध आत्याबाई राहतात असे समजू. शिक्षण चौथीपर्यंत, पण पच्चक्खाणे तोंडपाठ. भाच्याची चिडचिड पाहून त्या म्हणतात, “अरे बाळा, जन्माचं कशाला घेतोस? आज दुपारच्या जेवणापर्यंतचं घे. तेवढं पाळ. मग पुढचं बघू.”

हे बोलणे साधे वाटले, तरी त्यामागे श्रावकाचाराचे फार जुने तत्त्व उभे आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात भोगोपभोगांच्या मर्यादेचा विचार करताना त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. काळाची मर्यादा घालून केलेला त्याग तो नियम आणि जन्मभरासाठी केलेला त्याग तो यम. नियमासाठी घालायच्या मर्यादाही तेथे दिल्या आहेत: आजचा दिवस, एक रात्र, एक पंधरवडा, एक महिना, एक ऋतू, अर्धे वर्ष. ज्या गोष्टींवर अशी मर्यादा घालायची, त्यांत भोजन, वाहन, शय्या, वस्त्र, अलंकार यांच्याबरोबर तांबूलही आहे. गल्ल्यातील डबीचा विचार आचार्यांनी इतक्या शतकांपूर्वी करून ठेवला आहे.

श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणांची चढती रचनाही याच शहाणपणाची साक्ष देते. नवकारशी सूर्योदयानंतर अवघ्या अठ्ठेचाळीस मिनिटांची. ती साधली की पोरसी, म्हणजे एक प्रहर. त्यापुढे एकाशन, त्यापुढे उपवास. सामायिकही अठ्ठेचाळीस मिनिटांचे, म्हणजे दोन घटिकांचे. प्रथम इतकेच मागितले जाते की बालक, वृद्ध, व्यापारी कोणालाही ते देता यावे. छोटे व्रत पाळल्याने मनाची स्वतःशी पत वाढते आणि पत वाढली की मोठे व्रत आपोआप आवाक्यात येते. सर्वस्वत्यागी मुनींच्या महाव्रतांशेजारी गृहस्थासाठी अणुव्रते सांगणाऱ्या धर्माने ‘अणु’ या शब्दाला कधीही कमी लेखलेले नाही. आचार्य तुलसी यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या आंदोलनालाही ‘अणुव्रत’ हेच नाव दिले. छोट्या व्रतांतून माणूस घडतो, या श्रद्धेवरच ते आंदोलन उभे राहिले.

आधी मोजणी, मग मर्यादा

आत्याबाईंची दुसरी सूचना अधिक व्यावहारिक असते. “पहिले सात दिवस काही सोडू नकोस. फक्त लिहून ठेव.” कीर्दीच्या मागच्या पानावर गृहस्थ प्रत्येक वेळी एक रेघ ओढतो. आठ-दहा वेळा असे सांगणाऱ्या त्या माणसाच्या पहिल्या दिवसाच्या रेघा भरतात तेवीस. दंतवैद्याला तो खोटे बोलला नव्हता. त्याला ठाऊकच नव्हते. सवय याचाच अर्थ असा, की हात काम करतो आणि मालकाला खबर नसते.

या रेघांतून आणखी एक गोष्ट दिसू लागते. सुपारी भुकेपोटी खाल्ली जात नाही, चवीसाठीही फारशी नाही. सौदा तुटला की एक, वसुलीचा फोन ठेवला की एक, गिऱ्हाईक नाही म्हणून कंटाळा आला की एक. प्रत्येक रेघेच्या आधी काही तरी घडलेले असते. तो प्रसंग हा इशारा, चिमूट ही कृती आणि नंतरचा क्षणभराचा विसावा ही तिची मिळकत. इशारा दुकानातून काढून टाकता येत नाही, कारण सौदे तुटणारच आणि फोन येणारच. विसाव्याची गरजही खोटी नसते. बदलता येते ती मधली कृती. म्हणून डबी गोदामातील वरच्या फळीवर जाते. ती हवी असल्यास शिडी लावावी लागते. तिच्या जागी भाजलेल्या बडीशेपेची वाटी येते आणि सौदा तुटला की आधी पेलाभर पाणी प्यायचे, असे ठरते. शिडी चढण्याचा आळस येथे धर्माच्या उपयोगी पडतो.

सवयीची लेखी नोंद ठेवण्याचा उपाय व्यापारी वृत्तीच्या माणसांना नेहमीच मानवला आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात छापखाना चालवणारे बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी तेरा सद्‌गुणांची यादी करून एक लहान वही बनवली होती. एका आठवड्यात एकाच गुणावर भर द्यायचा आणि रोज संध्याकाळी, जेथे चूक झाली तेथे काळा ठिपका द्यायचा, अशी पद्धत होती. तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. आत्मचरित्रात ते प्रांजळपणे लिहितात, की पूर्णत्व काही आपल्या हाती लागले नाही आणि नीटनेटकेपणाच्या गुणाने तर फारच छळले; तरीही या प्रयत्नाने आपण एरवी झालो असतो त्यापेक्षा चांगले आणि सुखी झालो. जैन वाचकाला ही वही परकी वाटू नये. देवसी आणि राई प्रतिक्रमणात दिवसाच्या आणि रात्रीच्या दोषांची जी उजळणी होते, ती याच जातीची आहे. प्रतिक्रमण पाठ म्हणून उरकले, तर दोषांची यादी सर्वांची सारखीच राहते. त्यात स्वतःच्या आजच्या तेवीस रेघा आठवल्या, तर तीच यादी आपली स्वतःची होते.

चूक झाली म्हणजे दिवाळे निघाले नाही

संकल्प मोडल्यावर काय करायचे, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे. लग्नाच्या तबकाने त्या गृहस्थाला पाडले नव्हते. एक चूक आणि संपूर्ण पराभव यांत त्याने भेद केला नाही, म्हणून तो पडला. जैन आचारशास्त्राने हा भेद अतिशय सूक्ष्मपणे केलेला आहे. मनाची शुद्धी ढळणे हा अतिक्रम, मर्यादेच्या कुंपणापाशी जाणे हा व्यतिक्रम, क्वचित कुंपण ओलांडून विषयात शिरणे हा अतिचार आणि त्यातच आसक्त होऊन राहणे हा अनाचार. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार एकेक करून सांगितले आहेत. पाळणाऱ्याकडून अमुक ठिकाणी चूक होईल, हे गृहीत धरून ते आधीच लिहून ठेवले आहे. अतिचार लागला तर आलोचना करावी, प्रायश्चित्त घ्यावे आणि व्रत पुढे चालू ठेवावे. एका अतिचाराने व्रताचे दिवाळे निघत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापील स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यात ९६ व्यक्तींनी प्रत्येकी एक साधी नवी सवय निवडली होती, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणाबरोबर पाणी पिणे किंवा फळ खाणे. त्यांची पाहणी ८४ दिवस चालली. कृती आपोआप होऊ लागण्यास लागलेला काळ व्यक्तिपरत्वे १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. त्याचा मध्य ६६ दिवसांवर आला. एखाद्या दिवशी खंड पडला, तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, असेही त्यात आढळले. एकवीस दिवसांत माणूस बदलतो असे सांगणारे संदेश मोबाईलवर फिरत असतात. त्यांवर भिस्त ठेवणारा माणूस बाविसाव्या दिवशी निराश होतो. सत्य याहून संथ आहे, पण ते अधिक दिलासा देणारे आहे.

येथे चातुर्मासाचे महत्त्व नव्याने ध्यानात येते. आषाढापासून कार्तिकापर्यंतचा काळ चार महिन्यांचा, म्हणजे सुमारे १२० दिवसांचा असतो. संथ प्रकृतीच्या माणसालाही नवी घडी बसवण्यास त्यात बराच अवसर मिळतो. साधु-साध्वींचा सहवास असतो, घरोघरी नियमांची चर्चा असते, सोबतीला कोणी ना कोणी व्रतस्थ असतो. एकट्याने चढायचा चढ या काळात सर्वांच्या संगतीने चढता येतो. चातुर्मासात घेतलेला छोटा नियम कार्तिकात संपतो, तेव्हा सवयीचे नवे खाते उघडलेले असते.

घर बदलल्याशिवाय माणूस बदलत नाही

काही सवयी एका माणसाच्या नसतात, त्या घराच्या असतात. उशिराचे जेवण ही त्यांपैकी एक. दुकान नऊला बंद होते, घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ, हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत दहा. गृहिणी तोवर उपाशी थांबते, मुले टीव्हीपुढे काहीबाही खातात आणि जड जेवणानंतर अर्ध्या तासात अंथरूण धरले जाते. मग आम्लपित्ताच्या गोळ्या औषधाच्या डब्यात कायमच्या मुक्कामाला येतात. चौविहाराची महती ठाऊक असूनही ‘धंद्यात जमत नाही’ हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

महात्मा गांधींनी १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी दोन व्रते घेतली. चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचे नाही. पुढील सारे प्रवास, सभा आणि तुरुंगवास यांमध्येही ही व्रते त्यांनी सांभाळली आणि त्यांनी आपल्याला अनेक आजारांपासून वाचवले, असे ते आत्मकथेत लिहितात. ज्याचा दिवस स्वतःच्या हाती नव्हता, अशा माणसाने ते साधले. मग दुकानाच्या वेळा ज्याच्या हाती आहेत, त्याला आठवड्यातून दोन दिवस तरी साधणे अशक्य नसावे.

अशा वेळी व्यवस्था बदलावी लागते. संध्याकाळी सहाला घरून डबा दुकानात यावा, मुलाने अर्धा तास गादी सांभाळावी आणि वडिलांनी आतल्या खोलीत शांतपणे जेवावे. मग रात्री घरी आल्यावर पानाऐवजी गप्पा असतात. आत्याबाईंच्या भाच्याने प्रथम बुधवार आणि शनिवार असे दोनच दिवस ठरवले, तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, “अहो, तीस वर्षांत पहिल्यांदा मी दहाच्या आत भांडी आवरली.” या एका वाक्यात त्या व्रताचे अर्धे पुण्य जमा झाले. पतीच्या सवयीचे ओझे इतकी वर्षे कोणी वाहिले, हेही त्यातून लख्ख दिसले.

मोबाईलचीही गोष्ट अशीच आहे. निष्प्रयोजन पापाला शास्त्राने अनर्थदंड म्हटले आहे. दुःश्रुती म्हणजे मन मलिन करणारे ऐकणे-वाचणे, आणि प्रमादचर्या म्हणजे कारणाशिवाय चाललेला चाळा. हे त्याचेच भेद आहेत. रात्री अकरा वाजता कोणाच्या तरी भांडणाची चित्रफीत पाहण्यात ना अर्थ असतो ना लाभ. जेवणाच्या पानाजवळ आणि उशाशी मोबाईल नाही, एवढा नियम सर्वांनी मिळून घेतला, तर तो पाळणे सोपे जाते. घरातील मोठ्यांनी आधी मोबाईल बाजूला ठेवला, तर लहानांना सांगावेही लागत नाही.

एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. सवय सोडताना माणूस चिडखोर होतो. चहा सोडला आणि दिवाणजींवर खेकसला, सुपारी सोडली आणि घरात आदळआपट केली, तर एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकल्यासारखे होते. नावे बाजू तेवढीच राहते. क्रोध आणि मान हे कषाय आहेत. व्रताचा अहंकार झाला, तर तोही कषायच आहे. संध्याकाळच्या नोंदीत सोडलेल्या वस्तूशेजारी चढलेल्या आवाजाचीही रेघ असावी. नाही तर हिशेब अर्धवट राहतो.

वैद्यकीय सावधगिरीही तितकीच आवश्यक आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी किंवा उपवास धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. सुपारीत तंबाखू असेल, तर शरीराला तिची ओढ असते आणि केवळ निर्धाराने ती सुटेलच असे नाही. त्यासाठी मदत घेण्यात कमीपणा मानू नये. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची १८००-११२-३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा जबडा उघडण्यास अडचण असेल, तर तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.

एका पानाची वही

आत्याबाईंच्या भाच्याची वही पुढे चालू राहिली. दुपारपर्यंतचा नियम आठवडाभर टिकला, मग संध्याकाळपर्यंतचा, मग पंधरवड्याचा. आषाढात त्याने चार महिन्यांचा नियम घेतला. त्या काळात दोन अतिचार लागले, एक लग्नात आणि एक वसुलीच्या भांडणानंतर. दोन्ही लाल शाईने लिहिले आणि दुसऱ्या दिवशीची कीर्द नेहमीप्रमाणे उघडली. रोज रात्री आत्याबाई विचारीत, “आज किती?” उत्तर काहीही असो, त्या रागावत नसत. फक्त ऐकून माळ हातात घेत. कार्तिकात त्यांनी विचारले, “आता जन्माचं घेतोस का?” तो म्हणाला, “आत्या, आधी वर्षाचं घेतो.” त्या समाधानाने हसल्या. भाचा शहाणा झाला होता.

जबड्याचे गेलेले तिसरे बोट परत आले नाही. तोंडातील कडक झालेले अस्तर पूर्ववत होणे कठीण असते, हे दंतवैद्यांनी आधीच सांगितले होते. उरलेली दोन मात्र टिकली. दर सहा महिन्यांनी तपासणी आता चुकत नाही. गादीवर बसलेल्या मुलाचा हात सौदा तुटल्यावर आजही त्या कप्प्याकडे जातो, कारण लकब इतक्या लवकर जात नाही. पण तेथे डबी नसते. बडीशेपेची वाटी असते आणि तिच्याखाली वडिलांची ती वही असते. एके दिवशी मुलाने ती उघडून पाहिली. वडिलांच्या तेवीस रेघा, मग चौदा, मग पाच, मग कोरी पाने आणि मध्येच दोन लाल ओळी. काही न बोलता त्याने मागच्या पानावर स्वतःचे नाव लिहिले आणि खाली पहिली रेघ ओढली. उपदेशाने जे झाले नसते, ते त्या वहीने केले.

दिवाळीच्या पाडव्याला घरोघरी वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते, कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. यंदा त्याच वहीचे शेवटचे एक पान कोरे राखून ठेवावे. त्यावर एकच सवय लिहावी, दोन नव्हेत. सात दिवस तिची फक्त मोजणी करावी. मग सहज पाळता येईल इतक्या काळाचा नियम घ्यावा. रोज रात्री गल्ला मोजून झाला, की त्या पानाकडे एक मिनिट द्यावे. फरक निघाला तर लिहावा, मनापासून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे आणि उद्याची तारीख घालावी. शिल्लक जुळल्याशिवाय उठायचे नाही, ही व्यापाऱ्याची सवय आहे. हीच चांगली सवय स्वतःच्या बाबतीतही लावून घ्यावी.